शिल्लक एक फेरी

शिरवणे, नेरूळ
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

चि. अभय,

जयभीम. आत्ताच तुझा फोन झाला आणि लगेच लिहायला बसले, म्हणजे काही विसरायला नको. दहा मिनिटांच्या फोनमध्ये पायल नाचून दाखवते, अस्मिता तिकडच्या थंडीचं सांगते आणि बाबा तुला अंड्यांचा भाव विचारतात. माझ्या वाट्याला "जेवलात का" एवढंच येतं. तक्रार नाही. मला पत्रच बरं पडतं. दिल्लीच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाच रुपयांचं तिकीट लावून टाकलं की तिथून सरकारी थैलीतून तुझ्या वकिलातीत पोचतं, हे तू पहिल्या पोस्टिंगला सांगितलंस तेव्हापासून मी दुसरं काही वापरलेलं नाही. वेळ लागतो खरा, पण माझ्याकडे घाईचं काही नसतं.

बाबा बरे आहेत. थोडा थकवा आहे, सत्तरीला आले. चेहरा सुजल्यासारखा वाटतो म्हणालास, ते मोबाइल जवळ धरल्यामुळे. एक वजनकाटा घेतला आहे. सकाळी वंदना झाली की ते त्याच्यावर उभे राहतात आणि मी वहीत आकडा लिहिते. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. आजकाल सगळ्यांनाच सांगतात.

तुझा भत्ता कमी झाल्याचं अस्मिता मागे बोलता बोलता बोलून गेली. तिला ओरडू नकोस. खालच्या गोजराने विचारलं, नोकरी तीच, खुर्ची तीच, मग पैसे कमी कसे झाले? सव्वीस वर्षं तिच्या घरात भाड्याने राहतो आम्ही, तिच्यापासून काय लपणार. बाबांनी तिला खुर्ची दिली आणि अगदी न्हावा शेव्याला कंटेनर मोजायचे त्या थाटात समजावून सांगितलं.

"सरकार आमच्या पोराला बाजारात पाठवतं. दूध, ब्रेड, अंडी, केस कापायचे किती घेतात, सगळ्याचे भाव कागदावर लिहून दिल्लीला पाठवायचे. दिल्लीवाले तिथला भाव नि आपला भाव शेजारी शेजारी मांडतात आणि त्यावरून ठरवतात, ह्या गावात राहायला माणसाला किती लागतं. ह्या वेळी हिशेब कमी बसला."

गोजरा म्हणाली, "मंग पोरानं भाव चढवून लिवायचे. येवरा शिकला नि येवरं नाय समजत?"

"पावत्या जोडाव्या लागतात, बाई."

"मंग म्हागाच्या दुकानात जायाचं."

बाबा इतके हसले की त्यांना धाप लागली. हसण्याने लागली.

तर तू तिकिटाचं वगैरे काही मनात आणू नकोस. तुझा इथला पगार तुमच्या फ्लॅटच्या हप्त्याला जातो, तिकडचा भत्ता कमी झाला, पायलची फी आहे, मला सगळं कळतं. घरच्या रजेची फेरी मे महिन्यात होऊन गेली. राहिली ती इमर्जन्सीची. आई-बाप गंभीर आजारी असले किंवा गेले तर सरकार आपल्या खर्चाने आणतं, पण आख्ख्या नोकरीत दोनदाच, हे तू दोन वर्षांपूर्वी दारात उभा राहून म्हणालास, ते मी विसरलेले नाही. त्यातली एक माझ्या घाबरटपणामुळे गेली. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं आहे: अभय, इमर्जन्सी फेरी, एकूण दोन, गेली एक, शिल्लक एक. ती मी नीट सांभाळीन.

पायलला पापा.

आई


रविवार, २२ डिसेंबर २०२४

चि. अभय,

आज बाबा फोनवर दिसले नाहीत म्हणून तू दोनदा विचारलंस. विहारात मीटिंग आहे, तिथे गेलेत, असं मी सांगितलं. मागची भिंत निळी कशी, हेही तुझ्या लक्षात आलं. मी गोजराकडे बसले होते. तिने घराला रंग काढला आहे.

बाबांना आता पाणी मोजून द्यायचं असतं, दिवसाला एक लिटर. मी बाटलीवर बॉलपेनने रेघा मारल्या आहेत. सकाळी दोन रेघा, दुपारी तीन, असं. त्यांना ते पटत नाही. परवा म्हणाले, "आयुष्यभर तू मला पैसे मोजून दिलेस, ते चाललं. आता पाणी पण?" मी बाटली कपाटात ठेवते आणि किल्ली माझ्याकडे. पथ्य आहे, दुसरं काही नाही.

एक विचारायचं होतं. ती जी शिल्लक फेरी आहे, ती आजारपणाला घेतली तर मग पुढे कशाला काही उरत नाही ना? आणि आजारपणाला घेतली नाही, तर ती पुढच्यासाठी राहते ना? मी आपली वही नीट असावी म्हणून विचारते. फोनवर नको, बाबा शेजारी असतात. पुढच्या थैलीने दोन ओळी लिही.

अस्मिता तिथला कोर्स सोडला म्हणाली. का सोडला? चांगली शिकत होती. तू हल्ली दोन वर्षं सगळ्यातच हात आखडता घेतला आहेस असं वाटतं. माझ्यासारखं होऊ नकोस. मी दहावीनंतर घरात बसले, मला बचतीशिवाय दुसरं काही येत नाही. तुला येतं.

तुमची आठवण काढणारी,
आई


सोमवार, १३ जानेवारी २०२५
पौष पौर्णिमा

अभय,

आज उपोसथ आहे, शीलं कसोशीने पाळायचा दिवस. आज तरी खरं लिहिते.

त्या रविवारी मी गोजराकडे नव्हते. ती निळी भिंत हॉस्पिटलच्या व्हरांड्याची होती. बाबा आत ॲडमिट होते, अठरा ते तेवीस डिसेंबर. पायावर सूज मांडीपर्यंत चढली होती आणि आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. डॉ. राजलक्ष्मी म्हणून बाई आहेत, मराठी चांगलं बोलतात. त्या म्हणाल्या, "आजी, हृदय वीस टक्केच काम करतंय. औषधावर काही महिने जातील, काही आठवडेही असतील. मुलगा परदेशात आहे ना? मी गंभीर असं लिहून देते, बोलवून घ्या." मी न मागता त्यांनी कागद लिहून दिला. सही, शिक्का, वीस डिसेंबर तारीख.

तुला आठवतं, २०२२ साली ह्याच एका कागदासाठी मी तेव्हाच्या डॉक्टरांच्या पाया पडायची बाकी राहिले होते. बाबांच्या छातीत दुखलं आणि मी तुला फोनवर "अटॅक आला, निघ" म्हणून मोकळी झाले. तू तीन दिवसांनी पोचलास तेव्हा बाबा वरणभात खात मॅच बघत होते. ऑफिसला गंभीर असा दाखला हवा होता. डॉक्टर म्हणाले, "मावशी, पित्त होतं. मी खोटं कसं लिहू?" तू कागदाशिवाय परत गेलास. दारात म्हणालास, "आख्ख्या नोकरीत दोनदाच मिळते आई, आणि तू एक अशी उडवलीस." ऑफिसला काय सांगशील विचारलं तर "बघतो मी" म्हणालास. तेव्हापासून आपलं बोलणं दहा मिनिटांवर आलं. मे महिन्यात आठ दिवस आलास, त्यात पाच दिवस अस्मिताच्या माहेरी काढलेस.

आणि आता खरा कागद माझ्याकडे आहे, तो मी चहापत्तीच्या जुन्या डब्यात ठेवला आहे.

रविवारी फोनच्या आधी मी बाबांना पांढरा शर्ट घालते, खुर्चीत बसवते, पाय टेबलाखाली जातील असे बसवते. गालाला थोडी पावडर लावते. तुझा फोन आला की ते ताठ होतात. "काय वकीलसाहेब, आज अंडी कशी डझन?" म्हणून विचारतात. अकाउंट्स विभागात असिस्टंट आहे म्हणून कितीदा सांगितलं तरी त्यांना तू वकीलसाहेबच. फोन ठेवला की मी त्यांना धरून गादीवर नेते.

सकाळी आम्ही पंचशील घेतो. चौथ्याला, खोटं बोलणार नाही म्हणायच्या वेळी, माझा आवाज आपोआप खाली जातो. बाबांच्या ते लक्षात आलं आहे. म्हणाले, "हळू म्हटलं म्हणून खोटं कमी होत नाही."

माझं डिसेंबरचं पत्र तुला मिळालं असं काल म्हणालास. फेरीचं विचारलं होतं त्यावर तू एवढंच म्हणालास, "दोनदाच मिळते, तुला माहीत आहे. आत्ता कशाला विचारतेस?" अस्मिताने तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तुला माझी अजून चीड आहे.

काल फोननंतर बाबा म्हणाले, "त्याला बोलव."

मी म्हटलं, "एकच फेरी आहे. आत्ता आला तर नंतर येता येणार नाही."

"नंतर म्हणजे कधी?"

मी त्यांच्या शर्टाची बटणं सोडायला लागले.

"नंतर मी कुठे असणार आहे बघायला?" म्हणाले. "मला तो समोर बसलेला पाहिजे. अंड्यांचा भाव तोंडावर विचारायचा आहे."

मग मी त्यांना काय उत्तर दिलं, ते आज लिहीत नाही. तेवढं धैर्य अजून आलेलं नाही.

तू सांग काय करायचं. तू शिकलेला आहेस, नियम तुला माहीत आहेत. मी ठरवू शकत नाही. उद्या हे पोस्टात टाकते.

आई


रविवार, २ फेब्रुवारी २०२५

चि. अभय,

तू म्हणालास, डिसेंबरनंतर पत्र नाही. हो, लिहायला वेळच झाला नाही. विहारात कार्यक्रम होते. आता लिहिते आहे.

बाबांनी आज मध्येच "कधी येतोस?" विचारलं, ते मनावर घेऊ नकोस. म्हातारपणी माणूस असं विचारतंच. तू बरोबर सांगितलंस, एप्रिलनंतर बघू, तोपर्यंत भावांची नवी यादी दिल्लीला जाईल, भत्त्याचं काही सुधारलं तर आपल्या पैशाने सगळेच येऊ. मी त्यांना तेच समजावलं. एप्रिल काही लांब नाही.

फोन ठेवल्यावर ते खुर्चीतच बसून राहिले. गादीवर चला म्हटलं तर म्हणाले, "आजचा शर्ट वाया गेला."

गोजरा वर आली होती. मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "मित्राबाय, पोराला सांगलंस का नाय?" मी म्हटलं, सांगेन. तर म्हणते, "पोरगा हाय का बँकेतली पावती? येल आली म्हंजे मोडायची म्हनून ठेवलीस?" तिच्या बोलण्याचं काय घेऊन बसायचं. तिचे दोन मुलगे ह्याच गल्लीत राहतात. तिला एका फोनवर माणूस मिळतं.

बाबा बरे आहेत. वजन थोडं वाढलं आहे.

आई


रविवार, २ मार्च २०२५

चि. अभय,

तू सुखरूप पोचल्याचं अस्मिताने कळवलं. विमानं तीन, त्यात तुला झोप नसेल.

आज रविवार. दुपारी फोनच्या वेळेला मी उगाच खुर्ची पुसली.

तू इथे नऊ दिवस होतास आणि मी तुला एकही गोष्ट सरळ सांगितली नाही. तू विचारलंस, "कधीपासून आजारी होते?" मी म्हटलं, अचानक झालं. तू विचारलंस, "फाइल कुठे आहे?" मी म्हटलं, हॉस्पिटलमध्ये जमा केली. फाइल गोजराच्या कपाटात होती. तू यायच्या आदल्या दिवशीच मी खाली नेऊन दिली होती. तिने घेतली, पण मला म्हणाली, "बाप होता तवा पोरगा नाय, आता पोरगा येतंय तं बाप नाय. काय वाचवलंस गो तू?"

जसं झालं तसं आता सांगते. सोमवारी, दहा तारखेला सकाळी त्यांचं वजन दोन किलोने जास्त भरलं. काट्यावर उभं राहतानाच ते माझ्या खांद्यावर आले. रिक्षाने हॉस्पिटलला नेलं. चार वाजता डॉ. राजलक्ष्मी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मुलगा निघाला का?" त्यांना वाटत होतं तुला डिसेंबरपासून माहीत आहे. तेव्हा मी तुला फोन केला. मंगळवारी दुपारी बारा वीसला बाबा गेले. तू तेव्हा पहिल्या विमानात बसला होतास. हॉस्पिटलने बुधवारी दुपारपर्यंत ठेवून घेतलं. त्यापुढे आमच्याने थांबवेना, लोक ताटकळले होते. तू गुरुवारी सकाळी आलास. माझ्याकडे, रक्षेच्या मडक्याकडे कशाकडेच न बघता तू आधी खुर्चीकडे बघितलंस.

म्हणजे तू ना आजाराला पोचलास, ना मातीला. ज्याच्यासाठी ती फेरी सांभाळली त्यालाही नाही.

रविवारी, म्हणजे नऊ तारखेला, तुझा फोन झाल्यावर त्यांनी पूर्ण ग्लासभर पाणी मागितलं होतं. बाटलीत दीड रेघ शिल्लक होती. मी अर्धा ग्लास दिला.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाला भंतेजी आले, सगळ्यांनी शीलं घेतली. तू माझ्या शेजारी बसला होतास. चौथ्याला मी गप्प बसले. तुला वाटलं, रडते आहे.

निघायच्या दिवशी तू टेबलावर बसून ऑफिसचा फॉर्म भरलास, मृत्यूचा दाखला जोडलास. मी चहा ठेवला तेव्हा दिसलं, प्रवासाचं कारण म्हणून गंभीर आजार आणि मृत्यू असे दोन चौकोन होते आणि तू दुसऱ्यात खूण केली होतीस. पहिल्या चौकोनाचा कागद तेव्हा तुझ्यापासून चार हातांवर डब्यात होता.

तुझ्या बॅगेत सुकटीच्या चटणीची बरणी आहे. ती ज्या पिशवीत गुंडाळली आहे त्या पिशवीत जानेवारीत लिहिलेलं आणि न टाकलेलं पत्र ठेवलं आहे, आणि डॉक्टरांचा कागदही. एव्हाना वाचलं असशील. मला जे काय बोलायचं असेल ते बोल. फोनवर नको, अस्मिता नि पायल ऐकतील. थैलीने लिही.

आई


सोमवार, १२ मे २०२५
बुद्ध पौर्णिमा

चि. अभय,

तुझं पत्र अठ्ठावीस एप्रिलला मिळालं. गोजराने वर आणून दिलं. "पोराची चिट्टी, चांगली जाड हाय" म्हणाली आणि उंबऱ्यावरच बसून राहिली. मला आधी उघडवेना. मग वाचलं. पुन्हा वाचलं. तिने विचारलं, "शिव्या दिल्यान का?" मी म्हटलं, नाही. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तू लिहिलंस की २०२२ चा दाखला गंभीर नव्हता, म्हणून ऑफिसने ती फेरी नामंजूर केली आणि तिकिटाचे सगळे पैसे तुझ्या पगारातून तीस हप्त्यांत कापून घेतले. आणि पैसे कापून घेतले म्हणून ती फेरी सरकारने मोजलीच नाही. एकूण दोन, गेली शून्य. शिल्लक दोन. जानेवारीत बाबा तुला बोलव म्हणत होते तेव्हाही दोन. मी त्या दिवशी तुला फोन केला असता तर तू येऊन त्यांच्यासमोर बसला असतास आणि फेब्रुवारीतही आला असतास.

तू लिहिलंस, आधी राग होता म्हणून सांगितलं नाही. नंतर वाटलं की आईला कळलं तर ती तीस महिने जेवणार नाही, म्हणून सांगितलं नाही. आणि मी डिसेंबरमध्ये विचारलं तेव्हा अस्मिता म्हणाली होती "सांगून टाका", पण तुझ्या तोंडून निघालं नाही. अस्मिताचा कोर्स का सुटला तेही आता कळलं. तिला सांग, सासूला माहीत नव्हतं.

हे वाचून मी काय केलं असेल? वही काढली. शेवटचं पान उघडून बघत बसले. माझं अक्षर चांगलं आहे, बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. फक्त आकडाच खोटा होता. इतकी वर्षं वही लिहिली, एक रुपया कधी चुकला नाही.

तू माफी मागितली आहेस. मागू नकोस. मी लपवलं म्हणून तू लपवलंस, का तू लपवलंस म्हणून मी, हे आता कोण ठरवणार. नियम करणाऱ्यांचंही काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांना कुठेतरी आकडा घालावाच लागतो. आई-बाप किती वेळा आजारी पडणार आणि किती वेळा मरणार, हे दिल्लीत बसून कोणाला तरी ठरवायचं असतं. दोन म्हणजे त्यांनी तसं बरोबरच धरलं होतं. एक बाप, एक आई.

आता ते उत्तर लिहिते, जानेवारीत लिहिलं नव्हतं ते. बाबा म्हणाले, "नंतर मी कुठे असणार आहे बघायला?" तेव्हा मी त्यांना म्हटलं, "तुम्ही नसणार. पण मी असणार ना. तेव्हा मी एकटीने काय करू?"

त्यांनी शर्टाचं उरलेलं बटण स्वतःच सोडलं. मग म्हणाले, "बरं. मग तुझ्यासाठी ठेव."

त्यानंतर एक फेब्रुवारीचा रविवार सोडला तर त्यांनी पुन्हा तुला बोलवायचं नाव काढलं नाही. तर मी ती फेरी तुझ्यासाठी वाचवली नव्हती, तुझ्या भत्त्यासाठी नाही, सरकारसाठी नाही. स्मशानात मला तुझा हात पाहिजे होता म्हणून मी त्यांच्या वाटणीचं त्यांच्याकडून मागून घेतलं, आणि त्यांनी दिलं. हे तुला माहीत असावं. मला माफ करायचं असेल तर हे धरून कर.

डॉ. राजलक्ष्मींकडे गेले होते, वजनकाटा द्यायला. कोणा गरजूला होईल. त्या म्हणाल्या, "आलाच आहात तर तुमचंही प्रेशर बघू." थोडं जास्त आहे. एक गोळी दिली आहे.

तुझ्या पत्राच्या अगदी खाली, सहीनंतर, तू अंड्यांचा भाव लिहिला आहेस. डझनाचा, तिथल्या पैशात. ती ओळ मी बाबांच्या फोटोसमोर मोठ्याने वाचली. आज पौर्णिमेची खीर केली होती, ती ठेवली, आणि ग्लास काठोकाठ भरून पाणी ठेवलं.

आता वहीत असं लिहिलं आहे: एकूण दोन, गेली एक, शिल्लक एक. ह्या वेळी आकडा तूच सांगितला आहेस, तेव्हा खरा असेल. ती माझी आहे. मला ती नंतर नको. नंतर गोजराची मुलं आहेत, विहारातली माणसं आहेत, ते करतील सगळं. मला ती आधी पाहिजे. तू खुर्चीत बसायचं आणि मी समोर बसून तुला विचारायचं, जेवलास का.

पण कधी यायचं हे मला विचारू नकोस. मी बरी आहे असंच म्हणेन. रविवारी चांगली साडी नेसून, पावडर लावून फोनसमोर बसेन, आणि तू येतो म्हणालास की एप्रिलनंतर बघू म्हणेन. मला माझी सवय माहीत आहे. रोज सकाळी शील घेते आणि तरी सांगते, मी खोटं बोलेन. ते धरू नकोस.

पानाच्या मागे दोन नंबर लिहिले आहेत. पहिला डॉ. राजलक्ष्मींचा. महिन्यातून एकदा त्यांना फोन कर, मी त्यांना तसं सांगून आले आहे. दुसरा गोजराचा. तिला कधीही कर, ती काही लपवायची नाही.

आई